परमुलखांतील देणें

परदेशगमन ही आतां आपल्या मध्यम वर्गांत नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. मुलगा किंवा मुलगी इंग्लंडांत नोकरीस असते. तिच्याकडे दोन-तीन महिने राहून येणें, आणि त्या मुक्कामांत भाड्याची मोटार घेऊन वेल्सच्या डोंगरांत किंवा उत्तरेकडील सरोवरांच्या प्रदेशांत चार दिवस हिंडून येणें, हें पुण्या-मुंबईच्या कित्येक घरांतून नेहमींचें झालें आहे. असा प्रवासी घरीं परततो, सामान लावून होतें, छायाचित्रें दाखवून होतात, आणि मग एके दिवशीं त्याच्या हातीं एक पत्र येतें. पत्र मोटार भाड्यानें देणाऱ्या कंपनीचें असतें. अमुक तारखेस अमुक दुकानांच्या आवारांत आपली मोटार ठरलेल्या वेळेपेक्षां अधिक काळ उभी होती. तें आवार सांभाळणाऱ्या खासगी कंपनीनें त्याबद्दल शंभर पौंडांची मागणी केली आहे. आम्हीं आपलें नांव व पत्ता त्या कंपनीस कळविला असून या लिखापढीच्या खर्चापोटीं आमचा निराळा आकार आपल्या क्रेडिट कार्डावर टाकला आहे, असा त्यांतील मजकूर असतो.

यावर घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, “परक्या देशांत आपलें नांव खराब व्हावयास नको, पुढें व्हिसाला अडचण यायची, भरून टाका.” दुसरा म्हणतो, “सातासमुद्रांपलीकडून वसुलीला येतो कोण? फाडून टाका तें पत्र.” हे दोन्ही पक्ष वरकरणी एकमेकांच्या उलट दिसले, तरी आमच्या मतें ते सख्खे भाऊ आहेत. आपल्याला कांहीं होईल कीं होणार नाहीं, एवढेंच दोघे पाहतात. देणें खरें आहे कीं खोटें आहे, हें त्यांच्यापैकीं कोणीच विचारीत नाहीं. तो प्रश्न विचारणारा तिसरा कोणी घरांत असेल, तर बहुधा त्याचेंच हंसें होतें.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ ग्रंथांत एका धनगराची गोष्ट आली आहे. भूकंपानें दुभंगलेल्या जमिनींत त्यास एक अंगठी सांपडते. तिचा खडा तळहाताच्या बाजूस फिरविला कीं तो अदृश्य होतो. अशी अंगठी बोटांत असतांना न्यायानें वागणारा मनुष्य मिळेल काय, असा प्रश्न त्या ग्रंथांतील ग्लॉकन हा सॉक्रेटिसापुढें ठेवतो. परतीचें विमान हीच आजची ती अंगठी होय. शंभर पौंडांसाठीं विलायतेंतील एकादी कंपनी साताऱ्याच्या न्यायालयांत दावा लावावयास येईल, हें व्यवहारांत संभवत नाहीं. (मोटार घेतांना तेथील मुलाचा पत्ता दिला असल्यास गोष्ट निराळी, त्या पत्त्यावर दाव्याचे कागद गेले व कोणीं उत्तर दिलें नाहीं, तर तेथें एकतर्फी निकाल होतो, आणि त्याचा जाच निरपराध मुलास होतो.) म्हणूनच ही क्षुल्लक दिसणारी बाब आम्हांस विचार करण्यासारखी वाटते. भीति वजा जातां आपल्यापाशीं सचोटी किती उरते, हें मोजण्याचा प्रसंग सामान्य गृहस्थाच्या आयुष्यांत वारंवार येत नाहीं.

आतां देण्याचें स्वरूप पाहूं. पहिली गोष्ट ही कीं, ही मागणी म्हणजे दंड नव्हे. आपल्या परंपरेंत दंड हा शब्द राजाचा आहे. दंडनीति हें राज्यशास्त्राचेंच एक जुनें नांव आहे. शेजाऱ्यानें शेजाऱ्यास दंड करावयाचा नसतो. तो फार तर आपलें देणें मागूं शकतो, आणि तें नाकबूल झाल्यास न्यायसभेंत जाऊं शकतो. इंग्लंडांतहि हा भेद कायद्यानें मान्य केलेला आहे. रस्त्यावर चुकीच्या जागीं गाडी ठेवल्याबद्दल तेथील नगरपालिका जी नोटीस देते ती ‘पेनल्टी चार्ज नोटीस’. आणि दुकानांच्या किंवा इस्पितळाच्या आवारांत खासगी कंपनी जी देते ती ‘पार्किंग चार्ज नोटीस’. पहिली सत्तेची आज्ञा आहे, दुसरी एका व्यापाऱ्याची मागणी आहे. परंतु दोहोंचीं आद्याक्षरें पी. सी. एन. हींच येतात. हा योगायोग त्या व्यापाऱ्यांस गैरसोयीचा वाटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. नवखा पाहुणा तें पाकीट फोडतो, आंत गाडीचा नंबर, घड्याळाच्या वेळा आणि कॅमेऱ्यानें टिपलेलीं चित्रें पाहतो, आणि सरकारच आपल्या मागें लागलें अशा समजुतीनें घाबरून जातो. व्यापाऱ्यानें राजाची झूल पांघरून वसुलीस निघावें, यांत जें अशोभन आहे तें आम्ही प्रथमच नमूद करून ठेवतों. कारण पुढें आम्हांस त्याच व्यापाऱ्याच्या बाजूनें थोडें बोलावयाचें आहे.

एके काळीं या कंपन्या राजदंड प्रत्यक्षच हातीं धरीत असत. गाडीच्या चाकास लोखंडी खोडा घालावयाचा आणि पैसे मिळाल्यावांचून तो काढावयाचा नाहीं, अशी त्यांची रीत होती. स्कॉटलंडच्या फौजदारी न्यायालयानें १९९२ सालीं हा प्रकार चोरी व खंडणी यांच्या सदरांत घातला. इंग्लंड व वेल्समध्यें खासगी जागेवर खोडा घालणें बंद झालें तें बरेंच उशिरां, १ ऑक्टोबर २०१२ पासून. परंतु ज्या कायद्यानें तो खोडा काढला त्याच कायद्यानें कंपन्यांच्या हातीं दुसरें एक साधन दिलें. गाडी कोणीं चालविली हें ठाऊक नसलें, तरी विहित रीतीनें नोटीस दिल्यास जिच्या नांवावर गाडी नोंदलेली असेल त्या व्यक्तीकडून पैसे मागण्याची मुभा त्यांना मिळाली. नोंदणीदाराचें नांव सरकारी दप्तरांतून मिळविण्यास अडीच पौंड पडतात. भाड्याच्या मोटारीची नोंदणीदार म्हणजे मोटार-कंपनी. तिनें अठ्ठावीस दिवसांच्या आंत भाडेकराराची प्रत व भाड्यानें घेणाराचा सहीचा जबाबदारीपत्रक-कागद पुढें केला, म्हणजे ती मोकळी होते आणि मागणीचा रोख आपल्या सातारकर पाहुण्याकडे वळतो. खोडा गेला आणि पत्र आलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

मागणी व्यापाऱ्याची आहे असें ठरल्यावर तिचें मूळ करारांतच शोधावें लागतें. आम्हीं केव्हां करार केला, आम्ही तर फक्त गाडी उभी केली, असें प्रवासी म्हणतो. येथें एका फार जुन्या वादाचा धागा हातीं लागतो. लॉक या इंग्रज तत्त्वज्ञानें १६८९ सालच्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादन केलें कीं, जो मनुष्य एकाद्या देशाच्या राजरस्त्यावरून नुसता मोकळेपणें प्रवास करतो, त्यानेंहि तेथील सत्तेस मुकाट्यानें संमति दिलेली असते. ह्यूम यानें १७४८ सालच्या आपल्या निबंधांत यावर मार्मिक आक्षेप घेतला: झोंपेंत उचलून गलबतावर नेलेला मनुष्य समुद्रांत उडी टाकीत नाहीं, एवढ्यावरून त्यानें गलबताच्या धन्याची सत्ता मान्य केली असें म्हणावयाचें काय? राज्याच्या बाबतींत ह्यूमचें म्हणणें आम्हांस निरुत्तर करणारें वाटतें. पण वाहनतळ म्हणजे समुद्र नव्हे. तेथून मागें फिरतां येतें. पलीकडच्या गल्लींत दुसरी जागा पाहतां येते. दाराशीं स्पष्ट पाटी असेल, ती दिव्याच्या उजेडांत वाचतां येत असेल, आणि वाचून परत फिरण्यास दोन क्षण मिळत असतील, तर तेथें गाडी लावणाऱ्यानें कांहीं कबूल केलें आहे असें मानावें लागेल. हाटेलांत बसून भजीं मागविणाराहि तोंडानें “मी पैसे देईन” असें म्हणत नसतो.

परंतु या ‘असेल’मध्येंच सारें रहस्य आहे. लंडनच्या शू लेनमधील एका वाहनतळांत १९६४ सालीं एका गृहस्थास अपघात झाला. दाराशीं यंत्रांतून निघालेल्या तिकिटावर बारीक अक्षरांत असें छापलेलें होतें कीं, आंत लाविलेल्या अटी ग्राहकास बंधनकारक आहेत. त्या अटींच्या जोरावर मालक जबाबदारी नाकारीत होता. लॉर्ड डेनिंग यांनीं तें मानलें नाहीं. यंत्रापुढें गाडी नेली तेव्हांच करार पुरा झाला. तिकीट हातीं आल्यावर मनुष्यास माघार घेतां येत नाहीं, कीं यंत्राशीं हुज्जत घालतां येत नाहीं. मग आंतल्या भिंतीवरच्या अटी त्याच्या गळ्यांत कशा बांधावयाच्या, अशी त्यांची विचारसरणी होती. वचन आधीं आणि त्याचा अर्थ मागाहून, असा व्यवहार नीतीसहि मान्य होण्यासारखा नाहीं. हा निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांस पाठ असतो. प्रवाशांनींहि तो ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

दुसरा निकाल याच्याहि पुढें जातो. चेम्सफर्ड गांवच्या एका दुकानांच्या आवारांत दोन तास गाडी फुकट ठेवण्याची सोय होती. त्याहून अधिक राहिल्यास पंचाऐंशी पौंड द्यावे लागतील, अशा सुमारें वीस मोठ्या पाट्या तेथें लाविलेल्या होत्या. १५ एप्रिल २०१३ रोजीं एक गाडी तेथें छप्पन मिनिटें अधिक राहिली. गाडीवाल्यानें पैसे नाकारले, आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. ‘पार्किंगआय विरुद्ध बेव्हिस’ या नांवानें तें प्रसिद्ध आहे. गाडीवाल्याचा मुद्दा सरळ होता: छप्पन मिनिटांनीं कंपनीचें पै-पैशाचेंहि नुकसान झालें नाहीं, मग पंचाऐंशी पौंड ही भरपाई नसून शिक्षा आहे, आणि करारांत शिक्षा घालण्याचा अधिकार कोणास नाहीं. ४ नोव्हेंबर २०१५ रोजीं न्यायालयानें सहा विरुद्ध एक अशा मतांनीं तो मुद्दा फेटाळला. नुकसान झालें नसलें, तरी जागा वेळेवर मोकळी व्हावी यांत कंपनीचा व दुकानदारांचा रास्त हितसंबंध आहे, आणि त्याच्या मानानें रक्कम अवाजवी नाहीं, असें बहुमत पडलें. लॉर्ड टूलसन एकटे विरुद्ध राहिले.

या प्रकरणांत एक बाब उघड झाली, तिचा विचार आमच्या मनांतून जात नाहीं. ती कंपनी जागेच्या मालकाकडून आवार सांभाळण्याचे पैसे घेत नव्हती. उलट तीच मालकास दर आठवड्यास एक हजार पौंड देत होती. दोन तास फुकट असल्यामुळें नियम पाळणाऱ्यांकडून तिला एक पैहि मिळत नसे. तेव्हां मालकाचे हजार पौंड, नोकरांचे पगार, कॅमेऱ्यांचा खर्च आणि भागीदारांचा नफा हें सर्व नियम मोडणाऱ्यांच्या खिशांतूनच यावयाचें. ज्या दिवशीं सर्व लोक शहाण्यासारखे वागतील त्या दिवशीं ज्या धंद्याचें दिवाळें वाजेल, असा हा धंदा आहे. वैद्याचा चरितार्थ रोगावर चालतो आणि वकिलाचा भांडणावर, हें खरें. परंतु वैद्य रोग बरा करण्याचे पैसे घेतो. लोकांची चूक हीच ज्याची पिकाची जमीन, त्याला पाटी अधिक ठळक करण्याची हौस कोठून येणार? आम्ही असें म्हणत नाहीं कीं प्रत्येक कंपनी मुद्दाम फसविते; पण जिचें पोट चुकीवर अवलंबून आहे तिच्या न्यायबुद्धीवर फार भार टाकूं नये, एवढें म्हणण्यास हरकत नसावी. संसदेलाहि हें जाणवलें असावें. या धंद्यास आचारसंहिता लावण्याचा कायदा तिनें २०१९ सालीं केला. त्याप्रमाणें सरकारनें २०२२ च्या फेब्रुवारींत संहिता प्रसिद्ध केली आणि कंपन्यांनीं हरकत घेतल्यावर त्याच वर्षीं ती मागें घेतली.

मग अशा कंपनीस दिलेलें वचन पाळावयाचें काय? येथें आम्हांस मित्रांचा रोष पत्करून ‘होय’ म्हणावें लागतें. घेणारा लोभी आहे म्हणून देणाऱ्याचें देणें नाहींसें होत नाहीं. मनूनें व्यवहाराचीं जीं अठरा प्रकरणें सांगितलीं त्यांत ऋणादान हें पहिलें आहे. आणि ऋणको सुटावा म्हणून धनकोच्या स्वभावाची चौकशी करण्याची सोय आपल्या शास्त्रकारांनीं ठेवल्याचें दिसत नाहीं. ज्यानें दिवसाढवळ्या वीस पाट्या पाहिल्या, दोन तासांची मुदत वाचली, आणि ‘एवढ्यानें काय होतें’ म्हणून मुलांना चहा पाजीत तासभर अधिक घालविला, त्यानें पंचाऐंशी पौंड देणें आहे. आणि तो साताऱ्यास परतला म्हणून तें पंचाऐंशी आण्यांवर येत नाहीं. चौदा दिवसांत दिल्यास बहुधा चाळीस टक्के सूट मिळते. ती त्यानें निःसंकोच घ्यावी.

शास्त्रकारांनीं धनकोसहि मोकाट सोडलेलें नाहीं. आपल्याकडचा दामदुपटीचा नियम वाचकांस परिचित आहेच. व्याज कितीहि तुंबलें, तरी एका वेळीं मुद्दलाइतक्याहून अधिक मागतां येऊं नये, असा तो नियम मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनीं इंग्रजी अमलांतहि पाळला. वाहनतळाचा आकार म्हणजे व्याज नव्हे, हें आम्ही जाणतों. पण त्या नियमामागची दृष्टि येथें उपयोगी पडते. शंभर पौंडांची मागणी वेळेवर भरली नाहीं म्हणजे ती वसुली करणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे जाते, आणि तीवर सत्तर पौंडांपर्यंत वसुलीचा खर्च चढतो. त्यांत मोटार-कंपनीचा आकार मिळवा. दोन तास फुकट असलेल्या जागेंत पाऊण तास अधिक राहिल्याची किंमत अशा रीतीनें दोनशे पौंडांच्या घरांत जाते. आपल्या १८७२ च्या करारविषयक कायद्याचें ७४ वें कलम येथें आम्हांस इंग्रजांच्या निकालाहून अधिक समंजस वाटतें. करारांत रक्कम नमूद असली, तरी तिच्या मर्यादेंत राहून वाजवी तेवढीच भरपाई द्यावी, असें तें सांगतें. मूळ आकार देणें हें वचन पाळणें होय. धमकीच्या पत्रामागून धमकीचें पत्र पाठवून चढविलेला मजला उतरवावयास सांगणें हा वचनभंग नव्हे.

पाटी झाडाच्या फांदीमागें असेल, पैसे घेणारें यंत्र बिघडलेलें असेल, पैसे भरूनहि नंबरांतील एक अक्षर चुकलें असेल, किंवा बाहेर पडण्याच्या रांगेंतच दहा मिनिटें गेलीं असतील, तर गोष्ट निराळी. अशा वेळीं मुकाट्यानें पैसे भरणाऱ्यास लोक सज्जन म्हणतात. आम्ही म्हणणार नाहीं. नाहक मागणी मान्य करणें म्हणजे पुढच्या प्रवाशाच्या मार्गांत तीच मागणी अधिक घट्ट रोवून ठेवणें होय. मात्र नाकारणें आणि न देणें या दोन वेगळ्या क्रिया आहेत. नाकारणारा आपल्या नांवानिशीं, मुदतींत, कारणें सांगून लिहितो. कंपनीनें ऐकलें नाहीं तर तिच्या संघटनेनें नेमलेल्या अपील-मंडळाकडे जातो. आणि हें सर्व आज घरबसल्या होतें, त्यास विमान लागत नाहीं. न देणारा पत्र टोपलींत टाकतो. त्याची बाजू खरी असली, तरी ती कोणास कळत नाहीं. मोटार-कंपनी त्याचे नांवावर एक शेरा मारते, कदाचित् पैसेहि भरून टाकते. आणि पुढें त्याच खिडकीशीं हिंदी परवाना पुढें करणाऱ्या दुसऱ्या गृहस्थाकडून अनामत अधिक मागितली गेली, तर त्याचें कारण त्या बिचाऱ्यास कधींच समजत नाहीं.

कित्येक मोटार-कंपन्या याहून एक वाईट गोष्ट करतात, ती सांगितली पाहिजे. त्या नांव कळविण्याची तसदी न घेतां मागणी परस्पर भरतात आणि ती रक्कम व आपला आकार प्रवाशाच्या कार्डावर टाकतात. नगरपालिकेचा दंड आणि खासगी मागणी यांत त्यांना भेद दिसत नाहीं, किंवा पाहावयाचा नसतो. प्रवाशानें खिडकीशीं घाईनें सही केलेल्या कागदांत त्यास अनुमति असते. पण ज्याच्यावर मागणी आहे त्याचें म्हणणें मांडण्याची वेळ त्याच्या हातून काढून घेणें, ही सोय मोटार-कंपनीची झाली, न्याय नव्हे. कायद्यानें तिला सुटकेची वाट दिलेली आहे. ती न वापरतां दुसऱ्याचे पैसे उदारपणें वाटून टाकणारा कारभारी आपल्या गांवांत कोणी ठेवला नसता. अशा वेळीं आधीं मोटार-कंपनीशीं भांडावें, आणि तेंहि लेखी.

राहतां राहिली मुदतीची अडचण. काचेवर नोटीस चिकटविली नसेल, तर घटनेनंतर चौदा दिवसांच्या आंत ती नोंदणीदारास पोंचली पाहिजे, नाहीं तर नुसत्या नोंदणीवरून जबाबदारी लादतां येत नाहीं. ती सोळाव्या दिवशीं आली म्हणून हात झटकणें हें सचोटीच्या माणसास शोभेल काय, असें आम्हांस एका स्नेह्यानें विचारलें. नोंदणीदारास चौदा, त्यानें नांव कळविण्यास अठ्ठावीस आणि पुढें भाड्यानें घेणारास नोटीस पोंचण्यास एकवीस, अशी बेरीज केली तर मूळ प्रवाशाच्या हातीं कागद पडेपर्यंत दोन महिने सहज जातात. तोंपर्यंत तें कोणतें आवार होतें, पाटी कोठें होती, गाडी आपण चालवीत होतों कीं जांवई, आणि यंत्रानें दिलेली चिठी कोठें गेली, यांतलें कांहींच आठवत नाहीं. आठवण ताजी असतांना विचारावें, एवढ्यासाठींच ती मुदत घातलेली आहे. म्हणून ज्यास खरोखर कांहीं आठवत नाहीं त्यानें मुदतीचा आधार घ्यावा, त्यांत आम्हांस कमीपणा दिसत नाहीं. ज्यास तें आवार, ती पाटी आणि तो चहाहि लख्ख आठवतो, त्याला सोळावा दिवस काय आणि साठावा काय, सारखेच आहेत.